पडद्याआड

मुक्या प्राण्यावर हात उगारू नये, असे मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आहे. आमच्या मोतीला मात्र मी एकदा मारले. आणि मारताना आपण न्यायच करीत आहोत, अशी माझी समजूत होती.

झाले असे, की धाकटीने लाडाने त्याचे डोके कुरवाळले आणि तो गुरगुरून तिच्या हातावर धावला. दात लागला नाही. पण आठ वर्षे घरात खाल्लेल्या अन्नाला कुत्रा जागला नाही, असे मला वाटले. छडी हाताशीच होती.

मोतीच्या कानांचे दुखणे जुने. दोन वर्षांत चार-पाच वेळा ते वाहिले होते. गावातले गुरांचे डॉक्टर थेंब देत, आम्ही ते घालीत असू, आठवड्याभरात वास जाई आणि आमची मंडळी "झाला बाई बरा एकदाचा!" म्हणून सतरंज्या धुवायला काढीत. बरे नक्की कुणाला वाटले, हा प्रश्न कुणाच्या मनात आला नाही. वासाचा त्रास आम्हांला होता. तो संपला, एवढेच. त्या दिवाळीत लवंगी माळेच्या आवाजालाही मोती दचकला नाही, तेव्हा 'वयाबरोबर पोक्तपणा आला' म्हणून मी त्याचे कौतुकही केले होते.

छडीच्या प्रसंगानंतर आठवड्याने कान पुन्हा वाहू लागला, म्हणून त्याला शहरातल्या डॉक्टरांकडे नेले. कानाला हात लावण्याआधी त्यांनी विचारले, "मास्तर, हा भाकरी कशी खातो?"

"हल्ली कडक भाकरी टाकतो. दूधभात खातो."

"आणि जांभई पुरी देतो का?"

मला सांगता येईना. रोज डोळ्यांसमोर असलेल्या कुत्र्याची जांभई मी पाहिली नव्हती.

त्यांनी कागदावर कान काढून दाखवला. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग सुताराच्या गुण्यासारखी आत वळते. तिच्या टोकाला पडदा. पडद्यापलीकडे कवटीच्या तळाशी हाडाची एक पोकळ पेटी. तो मधला कान. बाहेरचे दुखणे फार दिवस रेंगाळले, की रोग पडदा भेदून त्या पेटीत उतरतो. मग कधी कधी पडदा पुन्हा सांधतो आणि पू आत कोंडून राहतो. वरून घातलेले थेंब तिथवर पोचत नाहीत. तोंड उघडताना, चावताना, डोक्याला हात लागताना कळ येते, ऐकणेही मंदावते.

"पण पडदा धड दिसला, तर आत काही नाही असेच समजायचे ना?" मी विचारले.

"तिथेच फसायला होते," डॉक्टर म्हणाले. १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मधला कान बिघडलेल्या दर १०० कानांमागे सुमारे ७० कानांचे पडदे शाबूत आढळले होते. मान कलणे, ओठ लोंबणे ही उघड लक्षणे पुष्कळदा नसतातच. खात्री करायची, तर भूल देऊन कान आतपर्यंत धुवावा लागतो, दुर्बिणीने पडदा पाहावा लागतो. एक्स-रेतून हा रोग निसटू शकतो. सीटी स्कॅनमध्ये पेटी भरलेली असली तर अधिक स्पष्ट दिसते. जरूर पडल्यास पडद्याला बारीक छेद देऊन आतला स्राव तपासायला काढतात. तो छेद सहसा काही आठवड्यांत भरून येतो.

मोतीच्या दोन्ही पेट्या भरलेल्या निघाल्या.

आता माझ्यापुढचा प्रश्न कानाचा उरला नाही. मला ठाऊक नव्हते, म्हणून मी निर्दोष ठरतो का? माणसाने किती म्हणून संशय घ्यावा? दर वेळी भूल द्यायची तर तिचाही धोका आहे. आणि ज्या घरात थोरांची दुखणी महिनाअखेरीमुळे पुढे ढकलली जातात, तिथे कुत्र्याच्या कानासाठी एवढा खर्च कुठून करावा? शेजाऱ्यांनी हे विचारले, तेव्हा त्यांना मी निष्ठुर म्हणू शकलो नाही. पैसा नसणे हा काही अपराध नव्हे.

तरीही माझी सुटका होत नाही. न कळणे क्षम्य आहे. पण मोतीने सांगितलेच नव्हते, असे मला म्हणता येत नाही. भाकरी टाकून त्याने सांगितले, गुरगुरून सांगितले. दुखणे पाचव्यांदा उलटले, यातूनही सांगितले. मी प्रत्येक गोष्टीला माझ्या सोयीचे नाव दिले. भाकरी टाकली तो लाड, दचकला नाही तो पोक्तपणा, गुरगुरला ती कृतघ्नता. वर्गातला मागच्या बाकावरचा एखादा मुलगा उत्तर देत नाही, तेव्हा त्याला मी 'ठोंब्या' म्हणतो. त्यालाही फळ्याजवळचे शब्द ऐकू येतात की नाही, हे मी कधी विचारले आहे? ज्याला बोलता येत नाही, त्याच्या वतीने 'आता बरे आहे' असे म्हणण्यापूर्वी, ते कुणाच्या सुखासाठी म्हणतो आहोत, एवढे तरी पाहणे आपल्या हाती असते.

औषध कित्येक आठवडे चालले. गेल्या दिवाळीत गल्लीच्या टोकाला पहिली लवंगी वाजली, आणि मोती धावत जाऊन पलंगाखाली दडला. मंडळी हसली. मी खाली वाकून हात पुढे केला. त्याने थोडा वेळ माझ्या हाताकडे पाहिले, आणि मग आपण होऊन डोके त्याच्याखाली आणून ठेवले.