एक कारकून, दोन खिडक्या

टॅबलेटच्या पडद्याची दोन शकलं करायची सोय आयपॅडवर २०१५ साली आली, अँड्रॉइडवर २०१६ साली. मधली रेघ सरकवली, की वाटणी झाली. ना तलाठी, ना भाऊबंदकी!

दोन बाजू आम्हा बँकवाल्यांना नव्या नाहीत. डावीकडे नावे, उजवीकडे जमा. पण व्यवहार एकच! एका खिडकीत धडा आणि दुसरीत वही उघडणारा विद्यार्थी हाच नियम पाळतो. त्याला कोण नावं ठेवील?

भानगड निराळीच आहे. पुण्यातला मुलगा तिवशातल्या आईशी व्हिडिओवर बोलतो आणि शेजारच्या खिडकीत क्रिकेट चालू. आईला क्रिकेट दिसत नाही. मुलाचे डोळे दिसतात. ती गुडघेदुखी सांगते आणि हा म्हणतो, "वा! षटकार!"

पडदा आपला, हवा तसा वाटावा. पण देऊ केलेलं लक्ष हे दुसऱ्याच्या खात्यात जमा झालेलं असतं. त्यातून परस्पर काढण्याला बँकेत अफरातफर म्हणतात. बँकेत त्याची चौकशी तरी लागते. आई चौकशी लावत नाही. ती एवढंच म्हणते, "कामात असशीन तू. ठेवतो मंग."