पारख उसनी घेता येते का?

माणसाला नाण्याची उपमा देण्याची आपल्या भाषेत पूर्वापार चाल आहे. कोणी खणखणीत नाणे असतो, तर कोणी खोटे नाणे निघतो. जुन्या काळी रुपया वाजवून घेत आणि सराफ तो तपासून त्यावर आपली बारीक खूण ठोकीत. पुढच्याने त्या खुणेवर विश्वास ठेवावा, हा हेतू. आज तीच खूण संग्राहकाला दोष वाटते. परंतु दुसऱ्याच्या पारखीवर विसंबण्याची गरज काही संपलेली नाही.

अमेरिकेत या गरजेने एका व्यवसायाचे रूप घेतले. जुन्या नाण्याची झीज किती, ओरखडे किती, मूळची झळाळी किती, यांवरून त्याची प्रत ठरते आणि प्रतीवरून किंमत. विकणाऱ्याला प्रत चढती दिसते, घेणाऱ्याला उतरती. हा वाद मिटविण्यासाठी त्रयस्थ परीक्षक पुढे आले. ‘पीसीजीएस’ या संस्थेचे काम १९८६ मध्ये सुरू झाले, तर ‘एनजीसी’चे १९८७ मध्ये. तेथे एकाहून अधिक परीक्षक मालकाचे नाव न जाणता नाणे पाहतात, १ ते ७० पर्यंतचा अंक देतात, आणि नाणे पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद होते.

आमच्या मते येथे दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. नाणे खरे की बनावट, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर एकच असते आणि ते शोधण्यात या संस्थांचे साहाय्य मोलाचे आहे. मात्र नाण्याची प्रत ६४ की ६५, हे अखेर जाणकाराचे मत असते. ६० पासून ७० पर्यंतची सारी नाणी न वापरलेलीच समजली जातात. त्यांच्यातही अकरा पायऱ्या आहेत आणि एका पायरीने किंमत कधी कधी कित्येक पटींनी वाढते. म्हणून काही जण डबी फोडून तेच नाणे पुन्हा परीक्षेला पाठवितात, आणि कधी कधी वरचा अंक पदरात पडतोही. नाणे तेच असते. बदलते ते मत.

मताला मोजमाप समजले की काय होते, हे १९८९ च्या सुमारास दिसले. नाण्यांतले काही न कळणारे लोकही डबीवरचा अंक वाचून, नाणे न पाहताच पैसे गुंतवू लागले. लवकरच भाव कोसळले. १९९० मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी यंत्रणेने ‘पीसीजीएस’च्या जाहिरातींतील वस्तुनिष्ठतेच्या दाव्यांवर आक्षेप घेतला. प्रकरण समेटाने मिटले. पुढे २००७ मध्ये ‘सीएसी’ ही संस्था निघाली. डबीतले नाणे दिलेल्या प्रतीला खरोखर साजेसे वाटले, तर ती डबीवर आपले लेबल लावते. परीक्षकावरही परीक्षक नेमावा लागला!

या श्रेणीचा जनकही विचार करायला लावतो. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी ती मांडली. १ प्रतीचे नाणे एका डॉलरचे, तर ७० प्रतीचे सत्तर डॉलरांचे, असा तो साधा हिशेब होता. त्यांची नजर विलक्षण होती. पण न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट काढून घेऊन त्यांच्या जागी हलक्या प्रतीचे ठेवण्याचा उद्योग त्यांनी केला होता, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघडकीस आले. नजर अचूक असणे आणि हात स्वच्छ असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मग या संस्थांवर विश्वास ठेवूच नये काय? तसे आम्ही म्हणणार नाही. सर्वांवर संशय घेणे हाही आळसाचाच एक प्रकार आहे. या संस्था आपल्या निर्णयाची हमी देतात, आणि तो चुकला असे ठरल्यास नियमांनुसार भरपाईही देतात. आपल्या मताची किंमत मोजायला तयार असलेला परीक्षक विश्वासाला पात्र ठरतो. पण विश्वास ठेवणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे. नाणे घ्या, डबी घेऊ नका, अशी संग्राहकांत म्हणच आहे. स्वतः न पाहता अंकावर भाळून खरेदी करणाऱ्याने आपली जबाबदारी दुसऱ्याच्या खांद्यावर टाकलेली असते. आणि अंक फाजील उदार आहे हे ठाऊक असूनही त्या अंकाच्या भावाने जो नाणे विकतो, त्याला डबीआड लपता येणार नाही.

आपल्यापैकी कोणाच्या घरी आजोबांच्या पेटीत एखादा राणीछाप रुपया असेल. त्याची मोठी किंमत कोणी सांगितली, तर तो जाणकाराकडून जरूर तपासून घ्यावा. पण त्याआधी तो भिंगाखाली, चांगल्या उजेडात, त्याच छापाच्या चार रुपयांशेजारी ठेवून आपण स्वतः नीट पाहावा. जाणकाराला काय विचारायचे, हे त्यानंतरच आपल्याला कळेल.