नेम कॉफीचा की कॅफीनचा?

ओहायोतल्या कर्टलंड गावी फेब्रुवारी १८३३ मध्ये मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी अनुयायांना जो आहारनियम सांगितला, त्यात ‘गरम पेये’ वर्ज्य ठरली. पंथात त्याचा अर्थ चहा आणि कॉफी असा रूढ झाला. कॅफीनचा उल्लेख त्या वचनात कुठेही नाही. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियस यांनी कच्च्या बिया वाफवून बेंझीनने त्यांतले कॅफीन काढण्याची रीत बसवली आणि एक नवा प्रश्न उभा राहिला: अशी कॅफीन काढलेली कॉफी, म्हणजे डिकॅफ, प्यायल्याने नेम मोडतो का? माझ्या मते मोडतो, आणि असे म्हणण्यात कर्मठपणा नाही.

कॅफीन काढतात कसे, हे पाहिले की उत्तराची दिशा दिसते. बेंझीन घातक ठरले. आता ते वापरत नाहीत. कुर्ट झोसेल यांनी म्युलहाइमच्या माक्स प्लांक संस्थेत १९६० च्या दशकात शोधलेल्या रीतीत प्रचंड दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड ओल्या बियांतून फिरवतात. दुसऱ्या एका रीतीत बिया भिजवायचे पाणी कॉफीच्या इतर विद्राव्य घटकांनी आधीच भरलेले असते, त्यात फक्त कॅफीन नसते. त्यामुळे बियांतून मुख्यतः कॅफीनच बाहेर पडते आणि ते सक्रिय कोळशात अडकते. ही सगळी मेहनत वास, चव आणि पेल्याची ओढ टिकावी म्हणून. म्हणजे कारखानदाराची कसोटीच ‘ही कॉफीच वाटते ना?’ अशी आहे. ज्याने कॉफी सोडली, त्याने सोडले होते तेच तर इथे जपून ठेवले आहे.

यावर आक्षेप असा की त्याच वचनात निरोगी शरीराचे आश्वासन आहे. मग अपायकारक अंश गेल्यावर बंदी कशाला? आक्षेप वजनदार आहे. पण आश्वासन हे नेमाचे फळ आहे, त्याची व्याख्या नव्हे. चातुर्मासात वांगे सोडणारा त्यातला कोणता घटक बाधतो याची चौकशी करत नाही. तो वांगेच सोडतो. शिवाय नेम कॅफीनचाच असता तर कोलाही वर्ज्य ठरला असता. प्रत्यक्षात २०१२ मध्ये मॉर्मन चर्चने नियमात कॅफीनचा उल्लेख नसल्याचे स्पष्ट केले आणि २०१७ पासून चर्चच्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या आवारात कॅफीनयुक्त कोला विकला जाऊ लागला. कारण न विचारता पाळलेला नेम आंधळा होतो, ही भीती मला मान्य आहे. पण कारण विचारणे वेगळे आणि कारणाचा रेणू काढून टाकून नेमातून सुटणे वेगळे. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या सहसंस्थापक एलेन व्हाइट यांचा आक्षेपच उत्तेजकतेवर होता, म्हणून त्यांच्या अनुयायाने डिकॅफ घेणे सुसंगत ठरते. मात्र त्याला वेगळा हिशेब करावा लागतो, कारण डिकॅफच्या पेल्यातही काही मिलिग्रॅम कॅफीन उरतेच.