चार तळहात जमीन

गाडी सावलीत उभी करा. हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा आणि टायर गार होऊ द्या. आज काही विकत घ्यायचं नाही. आज फक्त पाहायचं आहे.

पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसा. टायर जमिनीला टेकतो तिथे नजर स्थिर करा. प्रत्यक्ष जमिनीला लागलेलं रबर जेमतेम तळहाताएवढं असतं. चार चाकांचे मिळून चार तळहात. घाटातला ब्रेक, पावसातलं वळण आणि मागच्या सीटवर झोपलेलं मूल, सगळं याच्यावर उभं आहे. थोडा वेळ हेच मनात धरा. दुकानातल्या किमतीच्या पाटीकडे जाण्याआधी हे नीट मुरायला हवं.

आता एक गाडी डोळ्यांसमोर आणू. २०२३ मध्ये भारतात आलेली मारुती जिम्नी. कंपनीच्या टायरचं माप १९५/८० आर १५. मालक पुण्याचा. सोमवार ते शुक्रवार कोथरूड ते हिंजवडी आणि जमेल त्या रविवारी वेल्हे, भोर, ताम्हिणीकडच्या कच्च्या वाटा. तुमची थार असेल, जुनी जिप्सी असेल, तरी मनन हेच.

डोळे मिटा. मागचा महिना आठवा. ज्या चढाचा फोटो काढला तो आपोआप आठवेल. त्याला बाजूला बसवा. सिग्नलला थांबलेली गाडी आठवा, उड्डाणपूल आठवा, रात्री उशिरा भिजलेल्या रस्त्यावरून घरी आलात ते आठवा. शंभरातले किती किलोमीटर डांबराचे आणि सिमेंटचे? किती खडीचे? किती खऱ्या चिखलाचे? जो आकडा मनात येईल तो आवडला नाही म्हणून बदलू नका. तुमचा टायर त्या आकड्यात आहे.

डोळे उघडा. टायरच्या नक्षीवरून सावकाश बोट फिरवा. बारीक खाचा आणि जवळजवळ बसवलेले ठोकळे असतील तर तो एच-टी, म्हणजे रस्त्याचा टायर. ठोकळे मोठे आणि मधल्या फटी रुंद, तर एम-टी, चिखलाचा. दोन्हींच्या मधला तो ए-टी. एम-टी उभ्या गाडीला फार शोभतो, हे खरं आहे. पण त्याच्या रुंद फटींमुळे डांबराला लागणारं रबर कमी होतं. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर गाडी जास्त अंतर घेते. केबिनमध्ये घरघर वाढते, मायलेज घटतं आणि रोजच्या डांबरावर ते ठोकळे लवकर झिजतात. चार तळहातांतलं थोडं रबर कमी झालं, तर ते कुठल्या रस्त्यावर कमी झालेलं चालेल? या प्रश्नापाशी थांबा.

आता मातीकडे या. चिखल सगळीकडे सारखा नसतो. कोकणातल्या जांभ्याची तांबडी माती वरून निसरडी असते, पण पुष्कळदा खाली टणक थर लागतो आणि चांगला ए-टी तिथून निघतो. देशावरची काळी माती वेगळी. ती पावसात खाचांमध्ये लिंपून बसते आणि एम-टीसुद्धा बघता बघता गोटा होतो. तिथे महागडा टायर घेण्यापेक्षा वाट वाळेपर्यंत थांबणं शहाणपणाचं. घाटमाथ्यावर खरी भीती दगडाची. बेसॉल्ट फुटला की त्याच्या कडा धारदार होतात आणि त्या टायरची बाजूची भिंत कापतात. नक्षीतलं पंक्चर निघतं. बाजूची भिंत फाटली की टायर बदलावाच लागतो. म्हणून दुकानात नक्षी पाहाल तेव्हा बाजूची भिंतही अंगठ्याने दाबून पाहा. मात्र जिम्नीसारख्या हलक्या गाडीला जाडजूड, ट्रकच्या धाटणीचा टायर जड होतो. गाडी दणके खाते आणि इंजिन दमतं.

मापाचा मोह येईल. तो येऊ द्या, पण हिशोब करा. १९५/८० आर १५ चा व्यास सुमारे ६९३ मिलिमीटर. २१५/७५ आर १५ घेतला तर साधारण ७०३. व्यास दहाने वाढला, तरी गाडीचं पोट जमिनीपासून पाचच मिलिमीटर वर जातं. २३५/७५ आर १५ घेतला तर पोट वीस मिलिमीटर वर जाईल, पण ओडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०६ च्या आसपास चाललेली असेल, चढाला गिअर अपुरा वाटेल आणि पूर्ण वळणात चाक घासण्याची शक्यता वाढेल. ते वीस मिलिमीटर तुमच्या रविवारच्या वाटेला खरंच हवेत का?

आता पैसे. टायरची किंमत किलोमीटरवर मोजा. २८ हजारांचा संच ३५ हजार किलोमीटर चालला, तर किलोमीटरला ८० पैसे. ३६ हजारांचा ६० हजार चालला, तर ६० पैसे. स्वस्त कोणता, ते कागदावर दिसतं. हात आखडता असेल तेव्हा दोनच टायर बदलावेसे वाटतात. पण फोर बाय फोर लावल्यावर जिम्नीचे किंवा थारचे पुढचे-मागचे शाफ्ट एकत्र बांधले जातात. नवे आणि झिजलेले टायर वेगवेगळ्या घेराने फिरतात आणि तो ताण ट्रान्सफर केसवर येतो. चारही सारखे घ्या, थोडे थांबून घ्या. स्टेपनीही त्याच मापाची आणि नक्षीची असेल, तर अलाइनमेंटच्या वेळी तिलाही अदलाबदलीत सामील करा. पाचही टायर बरोबरीने झिजतील आणि एखादा फाटला तर त्याच्या जोडीचा दारावर तयार असेल.

दुकानात टायरच्या बाजूवर छापलेल्या उत्पादनाच्या कोडमधले शेवटचे चार आकडे वाचा. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. सवलतीत जुनी तारीख खपवली जाते, म्हणून स्वतः वाचा. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे दिसतील. झीज तिथवर पोहोचली की १.६ मिलिमीटर नक्षी उरते. ती कायद्याची शेवटची मर्यादा. पावसाळ्याआधी तीनच्या खाली गेलेला टायर मनातून आधीच निवृत्त करा.

शेवटी हवा. कच्च्या वाटेवर उतरण्यापूर्वी दारावरच्या पट्टीतल्या आकड्यापेक्षा पाव हिश्शाने हवा कमी करा. तळहात पसरतो, पकड वाढते. वेग कमी ठेवा आणि डांबरावर परतताच हवा पूर्ववत करा. साध्या टायरला मिळालेली ही ताकद जवळजवळ फुकट असते.

तर माझा सल्ला असा. शंभरातले नव्वदहून अधिक किलोमीटर पक्क्या रस्त्याचे असतील आणि कच्ची वाट सौम्य असेल, तर चांगला एच-टी घ्या. त्यात कसलाही कमीपणा नाही. दगडधोंड्याची वाट नेमाने होत असेल, तर मूळ मापाचे, ताज्या तारखेचे, चार सारखे ए-टी घ्या. उरलेल्या पैशांत हवेचा पंप आणि गेज आणा. आणि ज्यांना घेऊन तुम्ही रोज त्याच रस्त्याने जाता, त्यांचा विचार करूनच बिल फाडा.