हुकूम कोणाचा?

पावसाळा आला की कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते, हे कुडाळकरांना नव्याने सांगायला नको. गाड्या उशिरा येतात म्हणून आपण स्टेशनावर कुरकुरतो. त्यामागची व्यवस्था मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. कणकवली, रत्नागिरी, चिपळूण अशा स्टेशनांवर पाऊस आपोआप मोजणारी यंत्रे आहेत. पानवलच्या उंच पुलावर वाऱ्याचा वेग मोजला जातो, वाशिष्ठीच्या पुलावर पाण्याची पातळी. आणि एवढे सगळे असूनही रात्रीच्या काळोखात बत्ती व फटाके घेऊन माणसे रुळांवरून चालत असतात. दरड दिसली की फटाका रुळावर लावायचा. चाकाखाली तो फुटला की ड्रायव्हर गाडी थांबवतो. पावसाने पुढचे दिसेनासे झाले तर वेग ताशी ४० किलोमीटरवर आणावा, अशी ड्रायव्हरला सूचना असते. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. आपल्या जिल्ह्यात ते कोण विसरेल?

मग सगळाच कारभार कॉम्प्युटरच्या हाती का देऊ नये? प्रश्न वेडगळ नाही. १९९९ साली बंगालमध्ये गैसल येथे दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर झाली. त्यानंतर कोकण रेल्वेच्या बी. राजाराम यांनी 'रक्षा कवच' हे यंत्र पुढे आणले. त्याच रुळावर दुसरी गाडी जवळ आली की ते ड्रायव्हरला न विचारता ब्रेक लावायचे. पुढे ते मागे पडले. आज रेल्वे बसवत आहे ते 'कवच' निराळे, पण हेतू तोच. माझे मत अशा यंत्राच्या बाजूने आहे. माणूस थकतो, त्याला डुलकी लागते, लाल सिग्नल नजरेतून सुटतो. अशा वेळी यंत्राने त्याचे न ऐकता गाडी थांबवली तर त्यात ड्रायव्हरचा अपमान कसला?

पण 'थांब' हा एक हुकूम आणि 'मार' हा दुसरा. हा फरक 'स्टार ट्रेक' या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या एका भागात फार चांगला दाखवला आहे. ८ मार्च १९६८ रोजी दाखवलेल्या या भागाचे नाव 'द अल्टिमेट कॉम्प्युटर'. कर्क हा अंतराळयानाचा कप्तान. त्याच्या यानावर एम-५ नावाचा कॉम्प्युटर बसवतात. चारशेच्या वर माणसांच्या जागी आता वीस पुरेशी होतात. वेस्ली नावाचा वरिष्ठ अधिकारी कर्कला थट्टेने 'कॅप्टन डन्सेल' म्हणतो. डन्सेल म्हणजे यंत्रातला बिनकामाचा भाग. ज्याची नोकरी मशीनने नेली आहे त्याला हा शब्द कुठे लागतो, ते वेगळे सांगायला नको.

पुढे लढाईचा नुसता सराव असतो. एम-५ ला सराव आणि खरा हल्ला यातला फरक कळत नाही. तो खरी शस्त्रे वापरतो आणि दुसऱ्या एका यानावरची सगळी माणसे मरतात. गंमत अशी की एम-५ दुष्ट नाही. त्याला बनवणाऱ्या डॉ. डेस्ट्रॉमने स्वतःच्याच मनाचा ठसा त्यात उतरवलेला असतो. त्याची हुशारी आली, तशी त्याची भीतीही आली. यंत्राच्या पाठीमागे नेहमी कोणाचा तरी हात असतो. २ जून २०२३ रोजी ओडिशात बालासोरजवळ गाडीला सिग्नल मिळाला सरळ मार्गाचा आणि रूळ जोडलेला होता मालगाडी उभी असलेल्या बाजूच्या मार्गाला. सिग्नलच्या जोडणीतली चूक माणसांची होती. २९० हून अधिक प्रवासी दगावले.

त्या कथेचा शेवट मला अधिक मोलाचा वाटतो. एम-५ बंद पडतो, पण बाहेर वेस्लीला कर्कचे यान नष्ट करण्याची परवानगी मिळालेली असते. संदेश पाठवायला मार्ग नाही. कर्क यानाचे संरक्षण काढून घेतो आणि स्वस्थ राहतो. वेस्ली माणूस आहे, दयाळू आहे, तो हात आवरेल, एवढ्याच भरवशावर. आणि वेस्ली हात आवरतो.

असा माणूस प्रत्यक्षातही होऊन गेला. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोविएत अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांच्या कॉम्प्युटरने अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रे निघाल्याचे दाखवले. पेत्रोव यांनी तो खोटा इशारा आहे असे वरिष्ठांना कळवले, आणि तो खोटाच होता. ढगांवरून परतलेल्या उन्हाने उपग्रह फसला होता. १४ जून २०२४ रोजी इटलीत सात बड्या देशांच्या नेत्यांपुढे पोप फ्रान्सिस यांनी हेच ठासून मांडले की माणसाचा जीव घेण्याचा निर्णय कोणत्याही यंत्राकडे असता कामा नये.

वाचक म्हणतील, आम्हाला कुठे क्षेपणास्त्रे सोडायची आहेत! खरे आहे. आपल्याकडे ही गोष्ट रेशनच्या दुकानात घडते. काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या बायकांची बोटे काजूच्या तेलाने सोलवटतात. मशीनवर अंगठा ठेवला तर जुळत नाही. "मशीन घेत नाही, मी काय करू?" हे उत्तर आपण सर्वांनी कुठल्या ना कुठल्या खिडकीवर ऐकले आहे. काहींनी दिलेही असेल. भावाविषयी विचारल्यावर काईनाने परमेश्वराला उत्तर दिले, त्याचाही सूर असाच होता. मशीनने इथे काहीच बळकावलेले नाही. आपणच हुकूम तिच्या हाती दिला आणि मोकळे झालो. वास्तविक अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये, अशी केंद्र सरकारची सूचना २०१७ पासून आहे. दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून धान्य देता येते. पण तसे दिले की उद्या कोणी विचारले तर दुकानदाराला स्वतःच्या नावाने उत्तर द्यावे लागते. म्हणून तो कचरतो, "सोमवारी येऊन बघा" म्हणतो, आणि बाई रिकामी पिशवी घडी करून काखेत मारते.