सामाईक लेखन : हक्क कोणाचा, दोष कोणाचा?

मराठी विश्वकोशाचा कोणताही खंड उघडला, तर नोंदीच्या अखेरीस ती लिहिणाऱ्याचे नाव आढळते. नोंद चांगली उतरली असेल तर त्या नावाचा गौरव होतो, चुकली असेल तर त्याच नावाकडे बोट दाखविता येते. ही शिस्त जुनी आहे. संतांनी अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा गुंफली, तीतही 'हे म्हणणे माझे, याचा जाब मला विचारा' असा भाव आम्हांस नेहमी जाणवत आला आहे. २००१ साली सुरू झालेल्या विकिपीडियाने ही शिस्त बाजूस ठेवली. तेथील लेख एकाने आरंभावा, दुसऱ्याने वाढवावा, तिसऱ्याने छाटावा, चौथ्याने त्यातील शुद्धलेखन सुधारावे. आणि लेखाखाली नाव मात्र कोणाचेच नसावे. (नावे आहेत, पण ती 'इतिहास' म्हणविणाऱ्या वेगळ्या पानावर, आणि त्यांतील पुष्कळशी टोपणनावे.) अशा लेखनात प्रत्येकाने काय दिले, स्वतःकडे काय राखले आणि उद्या तक्रार आली तर उत्तर कोणी द्यावयाचे, हे ठरविण्यासाठी अटी लिहाव्या लागतात. त्या अटी वकिलांवर सोपवून आपण मोकळे होतो. परंतु देणे, घेणे आणि दोष पत्करणे या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात, तेथे प्रश्न केवळ कायद्याचा राहत नाही.

तथापि कायदा काय सांगतो ते आधी पाहिले पाहिजे. आपला स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ चा. एकाचे लेखन दुसऱ्याच्या लेखनापासून वेगळे काढता येत नसेल, तर ती संयुक्त कृती ठरते आणि सहलेखकांपैकी जो सर्वांत शेवटी दिवंगत होईल, त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे तिचा हक्क जिवंत राहतो. हा हक्क दुसऱ्याच्या नावे करून द्यावयाचा तर लेख हवा आणि त्यावर देणाऱ्याची सही हवी. लेखात मुदत लिहावयाची राहिली तर ती ५ वर्षांची समजतात. प्रदेश लिहावयाचा राहिला तर हक्क भारतापुरता दिला असे गृहीत धरतात. म्हणजे परस्परांवरील विश्वासाने, कागदावर काहीच न लिहिता दहा जणांनी जमविलेले लेखन पुढे निर्वेधपणे छापणे दुरापास्त होते. सद्भाव असून लेखन अडकून पडते. गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोशाचे चार खंड २०१३ साली मुक्त परवान्याखाली सर्वांस खुले केले. ग्रंथ विद्यापीठाचाच असल्यामुळे एका निर्णयाने हे साधले. तेच काम शेकडो लेखकांच्या दारी जाऊन प्रत्येकाची सही घेऊन करावे लागते, तर किती वर्षे लागली असती याची कल्पना करावी.

म्हणून अटी हव्यातच. त्यांचे स्वरूप कसे असावे, याचा विचार आमच्या धर्मशास्त्रकारांनी वेगळ्या संदर्भात फार पूर्वी केलेला आहे. त्यांनी दान आणि उत्सर्ग यांत भेद मानला, आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या इतिहासात तो विशद केला आहे. दानात दाता आपले स्वत्व सोडतो व घेणाऱ्याचे स्वत्व उत्पन्न होते. दिलेल्या गाईचे दूध दात्याने पुन्हा काढू नये. उत्सर्गात तळे, विहीर किंवा आमराई सर्वांसाठी सोडलेली असते. तेथे घेणारा असा कोणी एक नसतो. ज्या सर्वांसाठी ती सोडली त्या सर्वांत दाताही येतो, म्हणून आपण बांधलेल्या तळ्याचे पाणी पिण्यास त्याला मज्जाव नाही.

विकिपीडियाचा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना या दुसऱ्या प्रकाराच्या पुष्कळ जवळ जातो. कायद्याच्या दृष्टीने लेखक आपला हक्क सोडत नाही. परंतु कोणीही लेखन घ्यावे, बदलावे, छापून विकावेही, अशी मुभा तो कायमची देतो. बंधने मुख्यतः दोन : मूळ लेखकांचा निर्देश करावा, आणि त्या लेखनावरून जे नवे रचले जाईल तेही याच अटींवर खुले ठेवावे. पाणी हवे तितके न्यावे, पण नेलेल्या पाण्याभोवती स्वतःचा बांध घालून इतरांस अडवू नये, असा त्याचा आशय आहे.

हे दुसरे बंधन नसले की काय घडते, त्याचे उदाहरण संगीताच्या तबकड्यांचे आहे. १९९० नंतरच्या दशकात संगणकात सीडी घातली की तीतील गाण्यांची नावे दिसावीत, म्हणून सीडीडीबी नावाची एक सामाईक यादी तयार होऊ लागली. हजारो अनोळखी श्रोत्यांनी आपापल्या संग्रहातील गाण्यांची नावे टंकून तीत भर घातली. पैसे कोणी मागितले नाहीत. पुढे ती यादी व्यापारी कंपनीच्या मालकीची झाली, तिचे नाव ग्रेसनोट पडले, आणि २००८ साली सोनीने ती कंपनी सुमारे २६ कोटी डॉलरांस विकत घेतली. देणाऱ्यांना वाटले आपण तळे खणतो आहोत. निघाले ते दुसऱ्याच्या परसातील टाके. कायद्याने येथे चोरी झाली असे म्हणता येणार नाही. आमच्या मते अधर्म मात्र झाला, आणि त्याचे मूळ देणे कोणत्या प्रकारचे आहे हे देतेवेळी न सांगण्यात होते.

याच्याच जोडीचे दुसरे कलम असे : 'या अटी आम्ही केव्हाही बदलू शकू.' ते इतके सर्रास आढळते की त्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. विकिपीडियालाही अटी बदलाव्या लागल्या. तिचा आरंभीचा परवाना संगणकाच्या माहितीपुस्तिकांसाठी तयार झालेला होता. एक लहानसा लेख पुन्हा छापला तरी परवान्याचा लांबलचक मजकूर सोबत जोडावा लागे. तो बदलताना परवाना रचणाऱ्या संस्थेने २००८ च्या नोव्हेंबरात तशी सोय केली, आणि २००९ साली लेखकांचे मत घेण्यात आले. सुमारे तीन-चतुर्थांश मते अनुकूल पडली. जे मृत झाले होते किंवा निघून गेले होते त्यांचे काय, ही शंका येथे रास्तच आहे. त्यांनी पूर्वीच 'या परवान्याच्या पुढील आवृत्त्याही मान्य' असे म्हटलेले होते, एवढेच उत्तर देता येते. आणि ते उत्तर परवाना रचणाऱ्यांच्या सचोटीवर उभे आहे. याउलट, प्रश्नोत्तरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो या स्थळाने २०१९ साली जुन्या लेखनासही नवी आवृत्ती लागू असल्याचे जाहीर केले, तेव्हा लिहिणाऱ्यांपैकी अनेकांनी उघड विरोध नोंदविला. नव्या आवृत्तीत फारसे वावगे नव्हते. त्यांना कोणी विचारले नव्हते, हे त्यांचे दुःख होते.

आता दोषाकडे वळू. २००५ साली अमेरिकेतील ज्येष्ठ पत्रकार जॉन सीगेनथालर यांच्यावरील विकिपीडिया-लेखात एका अनामिकाने घातलेला मजकूर चार महिने तसाच राहिला. केनेडी बंधूंच्या हत्यांशी सीगेनथालर यांचा संबंध असल्याचा संशय होता, असे त्यात म्हटले होते. वस्तुतः ते रॉबर्ट केनेडी यांचे एके काळचे सहकारी होते. लिहिणाऱ्याने ती थट्टा केली होती. ज्याच्यावर असा प्रसंग येतो त्याला 'हे सामाईक लेखन आहे, दोष कोणाचाच नाही' असे सांगणे क्रूरपणाचे होय. म्हणून जबाबदारी कोणावर तरी असलीच पाहिजे, या मताशी आम्ही पूर्णपणे सहमत आहोत.

पण ती कोणावर? अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्याने स्थळचालकास दुसऱ्याच्या मजकुराबद्दल फार मोठे अभय दिले. आपल्या २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ७९ वे कलम अभय देते, पण अटीवर : आक्षेपार्ह मजकुराची जाणीव झाल्यावर चालकाने तो काढला पाहिजे, आणि ही जाणीव न्यायालयाच्या आदेशाने किंवा शासनाच्या अधिसूचनेने झालेली असावी, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली लावला. चालक अशा रीतीने सुरक्षित झाल्यावर उरतो तो लिहिणारा. अनेक स्थळांच्या अटींत त्याच्याकडून असेही लिहून घेतात की, तुझ्या मजकुरामुळे आम्हांवर दावा झाला तर नुकसान आणि वकिलाचा खर्च तू भरून द्यावास. दिल्ली उच्च न्यायालयात एका वृत्तसंस्थेने २०२४ साली विकिपीडियाच्या चालक संस्थेवर अब्रुनुकसानीचा दावा लावला, तेव्हा तो मजकूर घालणाऱ्या स्वयंसेवकांची ओळख उघड करावी की नाही, हाच वादाचा एक मोठा विषय झाला.

श्रेय सामाईक, मालमत्ता संस्थेच्या हाती आणि शिक्षा तेवढी एकट्याची, ही वाटणी आम्हांस न्याय्य वाटत नाही. जाणूनबुजून खोटे लिहिणे किंवा दुसऱ्याचे उचलून आपले म्हणून देणे, याचे उत्तर लिहिणाऱ्याने द्यावे. निदर्शनास आणून दिल्यावरही जे काढले नाही, त्याचे उत्तर चालकाने द्यावे. आणि माझ्या वाक्यात दुसऱ्याने मागाहून घातलेल्या विषाचा जाब मला विचारू नये. या शेवटच्या बाबतीत परवान्यातच एक सोय आहे, तिची फारशी चर्चा होत नाही : मजकूर बदलणाऱ्याने बदल केल्याचे सांगितले पाहिजे, आणि मूळ लेखकाने मागणी केल्यास शक्य तेथवर त्याचे नाव त्या बदललेल्या कृतीवरून काढले पाहिजे. आपल्या कायद्याचे ५७ वे कलम कृती आपली असल्याचे सांगण्याचा हक्क देते आणि आपली अपकीर्ती होईल अशा विकृतीस आक्षेप घेऊ देते. ही 'आपली नव्हे' असे म्हणण्याची मुभा त्याला जोडून पाहावी.

देवस्थानांच्या वाचकांस हे दूरचे वाटण्याचे कारण नाही. स्थळमाहात्म्य, कुळांच्या याद्या, उत्सवांच्या जुन्या आठवणी, छायाचित्रे हे सारे आता भक्तांकडून मागवून सामाईक रीतीने संकलित होत आहे. मागविणाऱ्या समितीने अर्धे पान मराठीत व कोंकणीत आधीच छापून घ्यावे : हक्क देणाऱ्याकडेच राहील, समितीस व सर्वांस वापराची कायमची मुभा राहील, ती भारताबाहेरही चालेल, नाव दिले जाईल, चुकीची तक्रार अमुक पत्त्यावर करावी व तिचा निकाल अमुक दिवसांत लागेल. नुकसानभरपाईचे कलम त्यात नसावे. मंदिराची आठवण लिहून पाठविणाऱ्या वृद्धेकडून वकिलाची फी वसूल करण्याची भाषा शोभत नाही. आणि हे अर्धे पान लिहिणाऱ्याच्या हयातीत भरून घ्यावे. हक्क नंतरही ६० वर्षे उरतो, वारसांकडे जातो, आणि आपल्या समाजात एका घराचे वारस फोंडा, बेळगाव, इंदूर आणि बडोदे अशा चार गावी विखुरलेले असतात.