तुळशीपत्र कोणाच्या घरावर?

विद्या फुकट वाटावी, हे वाक्य ऐकायला इतके गोड आहे की पुढचा प्रश्न विचारायचा राहूनच जातो: वाटणाऱ्याने ती आणली कुठून? दुसऱ्याच्या मालावर दानशूर होणाऱ्यासाठी मराठीत एक बोचरी म्हण आहे, 'हलवायाच्या घरावर तुळशीपत्र'. संगीताच्या बाबतीत ती मला वारंवार आठवते. तिथे माल डोळ्यांना दिसत नाही आणि हलवाई पुष्कळदा तक्रारही करत नाही.

क्रोनोस क्वार्टेटच्या एका उपक्रमाकडे मी ही म्हण हाताशी धरूनच पाहतो. दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो असा हा चौघांचा संच डेव्हिड हॅरिंग्टन यांनी १९७३ साली सिअ‍ॅटलमध्ये सुरू केला. पुढे तो सॅन फ्रान्सिस्कोत स्थिरावला. नव्या रचना लिहवून घेण्याकडे त्याचा ओढा पहिल्यापासूनचा. 'फिफ्टी फॉर द फ्यूचर' या उपक्रमात त्याने खास शिकणाऱ्या वादकांसाठी ५० रचना लिहवून घेतल्या. रचनाकारांत स्त्रिया आणि पुरुष निम्मे निम्मे. रचनेचे स्वरलेखन, प्रत्येक वाद्याचे वेगळे कागद आणि क्रोनोसने स्वतः केलेले ध्वनिमुद्रण इंटरनेटवरून कोणालाही विनामूल्य घेता येते. त्यात आपल्या झाकिर हुसेन यांचीही रचना आहे.

इथे तुळशीपत्र ठेवण्याआधी हलवायाला त्याचे दाम मिळाले आहे. रचना मानधन देऊन लिहवून घेतली, मगच ती मोकळी सोडली. हा क्रम मला उदारपणाहून महत्त्वाचा वाटतो. देणाऱ्याने खर्च स्वतः उचलला असेल, तरच फुकट देण्याला दान म्हणावे.

आपल्याकडे हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. वाळकेश्वरला जन्मलेल्या विष्णु नारायण भातखंडे यांनी घराणेदार गायकांकडून बंदिशी मिळवल्या, लिहून काढल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापल्या. त्यामुळे संगीत घराण्यांच्या उंबरठ्याबाहेर आले. त्या पुस्तकांवर पिढ्या शिकल्या. पण बंदिश हीच ज्या कुटुंबांची शेतीवाडी होती, त्यांच्या बाजूने पाहिले तर राखलेली चीज उघडी करणे म्हणजे सातबारा दुसऱ्याच्या हाती देणे. चीज लपवणाऱ्याला आपण सहज कंजूष म्हणतो. त्याच्या पोटाची सोय कोणी केली होती, हे विचारत नाही.

तरीही मानधनाने सगळा हिशेब मिटतो, असे मला वाटत नाही. या पन्नासांत मालीचे बालाफोनवादक फोदे लासाना दियाबाते यांची 'सुंजाताज टाइम' आहे. बालाफोन हे लाकडी पट्ट्यांचे वाद्य, आणि सुंजाता हा तिथल्या पिढीजात गायक-कथेकऱ्यांनी मुखोद्गत जपलेला राजा. दियाबाते यांच्या संगीताला चौकडीसाठी कागदावर उतरवले जेकब गार्चिक यांनी. रचनाकाराचे नाव दियाबाते यांचेच राहिले, हे योग्यच झाले. पण त्यांच्या बोटांत उतरलेल्या पूर्वजांचा वाटा कोणत्या खात्यावर जमा करायचा?

तो पैशात फेडता येणार नाही, म्हणून तो माफ झाला असे मात्र नाही. माझ्या मते तो घेणाऱ्याकडे वळता होतो. कागद फुकट मिळाला तरी चेलो फुकट मिळत नाही, शिकवणारा माणूस तर नाहीच. तेव्हा ज्याला हे तिन्ही लाभले, त्याच्यावर थोडे कर्ज आहेच. वाजवण्यापूर्वी त्याने सुंजाता कोण हे विचारावे, बालाफोन एकदा तरी ऐकावा आणि कार्यक्रमात दियाबाते हे नाव नीट उच्चारावे. एवढेही न करता जो नुसता कागद उचलतो, तो दुकानातून मिठाई घेऊन हलवायाचे नाव विसरणारा. तुळशीपत्र मग देणाऱ्याने ठेवलेले नसते, घेणाऱ्याने ठेवलेले असते.